कानांच्या दुकानातली चोरी

"सहा वाजता पोलिसांत तक्रार जाणार," मॅनेजरने बाबांना सांगितलं. तक्रार त्यांच्या लेकीविरुद्ध होती.

लेक श्रवणयंत्रांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. महिनाभरात दोन गिऱ्हाइकांची बँक खाती साफ झाली होती. कुणीतरी बँकेला फोन करून त्यांची जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता घडाघडा सांगितला होता. ही माहिती दुकानात घेतली जायची, आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त लेकीकडे नि मॅनेजरकडे होता.

बाबांनी मेव्हणीला गाठलं. ती खासगी गुप्तहेर. लेकीची मावशी, म्हणून सगळ्यांचीच मावशी.

तिला घेऊन बाबा दुकानात आले आणि काउंटरपाशी टेकले. "चहा घेता?" लेकीने विचारलं. डोळे रडून सुजले होते बिचारीचे.

"नको गं. साखर वाढलीय पुन्हा," ते पुटपुटले. "आईला सांगू नकोस."

मावशीने मॅनेजरला धरलं. "लुबाडलेले दोघंही यंत्र दुरुस्तीला घेऊन आले होते?"

"हो. मास्तर आणि एक आजी. माणूस यंत्र काढून देतो आणि ठार बहिरा होतो! एकेक गोष्ट ओरडून विचारताना घसा बसतो आमचा."

"आजींना कुणी विचारलं?"

"मी. ही रजेवर होती."

"माझ्याबरोबर दवाखान्यात!" बाबा मध्येच म्हणाले.

"कॉम्प्युटर बंद होता, म्हणून कागदावर लिहिलं. कागद तेव्हापासून माझ्या कपाटात, कुलपात," मॅनेजर म्हणाला.

मग लेकीची पाळी. "मास्तरांनी घर बदललंय, मावशी. नवा पत्ता त्यांनी मला सांगितला, तेव्हा मॅनेजर सुट्टीवर होते. पण तो कॉम्प्युटरमध्ये टाकायचाच राहिला."

"चोराने बँकेला कुठला सांगितला?"

"नवा."

बाबांची नजर लेकीच्या हाताकडे गेली. म्हणजे तो पत्ता फक्त हिलाच ठाऊक! आणि तिच्या हातातला तो नवा महागडा फोन... छे, भलतंच काय मनात येतंय!

राहिला यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर. काउंटरला लागूनच प्लायवूडच्या आडोशामागे त्याची खोली.

"मला काय विचारता? मशीन दिवसभर घरघरतंय. पलीकडचं अक्षर ऐकू येत नाही." त्याने थर्मासमधून चहा ओतला. "घ्या काका. बिनसाखरेचाच आहे."

बाबांनी तो घटाघटा प्यायला. घड्याळात पावणेसहा झाले होते.

मावशीने सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं.

"आजींची माहिती कुलपात. ती लेकीने वाचली नाही. मास्तरांचा नवा पत्ता कुठेच लिहिलेला नाही. तो मॅनेजरने वाचला नाही. म्हणजे चोराने काही वाचलेलंच नाही. त्याने ऐकलं! दोन्ही वेळा इथे ओरडाओरड चालली होती, आणि दोन्ही वेळा ऐकायला हजर असलेला एकच माणूस होता."

"मला ऐकूच येत नाही म्हटलं ना!" कारागीर उसळला.

"मग भाऊजींची साखर वाढलीय हे कुणी सांगितलं? ते तर इथे बसून पुटपुटले होते."

कारागिराचा चेहरा पांढराफटक पडला. मॅनेजरने आडोशामागे जाऊन त्याचा ड्रॉवर ओढला. आत वही होती: नावं, तारखा, आयांची नावं. मास्तरांचा नवा पत्तासुद्धा. आणखी अकरा माणसं अजून लुटायची राहिली होती.

मॅनेजरने तक्रारीवरचं लेकीचं नाव खोडलं. बाबांना रडूच फुटलं. "सुटलीस गं पोरी!"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, नव्या पत्त्याचं ऐकल्यावर तुम्ही माझ्या फोनकडे बघितलंत."

बाबांना खोटं बोलवेना. "क्षणभरच गं."

तिने मान डोलावली. घरी जाताना ती मावशीचा हात धरून चालली.