मुक्ताबाईच्या रानाचं माप

काष्टीच्या पलीकडं, ओढ्याकाठी मुक्ताबाईचं रान होतं. सपाट, काळंभोर आणि त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी फेब्रुवारीत इतकं उघडं की गवताची काडी शोधून सापडू नये. शास्त्रज्ञ रंगनाथनं ते निवडलं ते याच गुणावर. आकाशातून जाणाऱ्या उपग्रहानं जमिनीवरून परतणारा प्रकाश रंगांनुसार मोजायचा, आणि त्याच वेळी खाली रंगनाथनं आपल्या स्पेक्ट्रोमीटरनं तोच प्रकाश मोजायचा. दोन्ही मापं जुळली तर वरच्याचं खरं मानायचं. साधा हिशेब, आणि रंगनाथ साध्या हिशेबाचाच माणूस.

कपड्यांवरून प्रकाश उडून मापात मिसळू नये म्हणून तो डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात असायचा. जीपचा ड्रायव्हर बन्सी त्यावरून त्याला छळायचा. "संक्रांत हून महिना झाला की सायेब! आता तरी उतरवा."

त्या सकाळी मात्र थट्टेची वेळ नव्हती. बांधावर मुक्ताबाईचा दीर कारभारी बैलाचं दावं धरून उभा होता. जोडीतला एक बैल दिवाळीलाच गेला. उरलेल्या पाखऱ्याच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. घरात वैरणीची पेंढी नाही, म्हणून आज काष्टीचा बाजार. तिथं असला बैल कोण घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वयनी, सोडा आता त्याला. बाजार उठंल."

"जरा दम धरा भावजी." मुक्ताबाईचा हात काही पाखऱ्याच्या पाठीवरून निघेना.

रंगनाथनं रिवाजाप्रमाणं आधी पांढरी पाटी मोजली. पुढची सगळी मापं तिच्याशी ताडायची असतात. मग त्यानं स्पेक्ट्रोमीटरची नळी रानाकडं वळवली.

काटा तांबड्या प्रकाशात खाली बसला आणि पुढं, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, सरसर वर चढला.

माती असं करत नाही. असं फक्त जिवंत पान करतं.

"बाई, जरा लांब व्हा. तुमचं लुगडं हिरवं आहे."

"या बया! लुगड्याला भुलतंय व्हय तुमचं यंत्र?"

ती बांधापलीकडं गेली. काटा तसाच चढला. रंगनाथनं पाटी पुन्हा मोजली, ती अचूक. शेजारचं रान मोजलं, तिथं नुसती माती. नळी परत इकडं वळवली. वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर काटा डुलायला लागला.



"काय म्हनतंय वो?" मुक्ताबाईनं विचारलं.

यंत्र बिघडलंय म्हटलं की बैल बाजाराला. खरं सांगावं, तर ही बाई बैल ठेवून घेणार आणि तो दारातच उपाशी मरणार. यंत्राचा इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

"यंत्र म्हणतंय, इथं पीक उभं आहे. दाट. हिरवं."

"बिघडलंय ते," कारभारी म्हणाला.

"नाही बिघडलेलं." रंगनाथला आपलाच आवाज परका वाटला.

मुक्ताबाईचे डोळे भरले, पण ती हसत होती. "मला रोज हुरड्याचा वास येतो वो. म्या म्हनलं, डोस्कं फिरलं माजं."

तिनं दिराच्या हातातलं दावं घेतलं आणि सोडून दिलं.

"वयनी! काय करताय?"

पाखऱ्या बांधावरून खाली उतरला. त्याची शेपटी हलत होती. रानाच्या मधोमध जाऊन त्यानं मान लांबवली, जमिनीपासून चांगली हातभर वर, आणि हिसका दिला.



कचाकचा चावल्याचा आवाज बांधापर्यंत आला.

उपग्रह डोक्यावरून केव्हा गेला, रंगनाथला कळलंच नाही.

कारभारी धावत गेला. त्यानं बैलाचा जबडा धरला आणि तसाच मागं सरला.

"वयनी, बाजार ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला.

त्याच्या बोटांवरून हिरवा फेस ओघळत होता.