तालगाळणी

भूकंप झाला तेव्हा शमीम मुजावर भूकंपाच्याच प्रयोगशाळेत होती, आणि या योगायोगाचा तिला मनस्वी राग आला होता. धरणाशेजारच्या डोंगरात खोल खोदलेल्या त्या बोगद्याचं तोंड दरडीने बुजलं होतं. फोन मेला होता. प्रमुख डॉ. हेरंब दांडेकर यांचे पाय लोखंडी कपाटाखाली अडकले होते आणि धुळीने त्यांचा खोकला थांबत नव्हता. हवा फार तर पहाटेपर्यंत पुरली असती.

दूरवर खोदयंत्राची घरघर ऐकू येत होती. माणसं शोधत होती, पण भलतीकडे.

खडकातले आवाज टिपायला आत पुरलेलं भूश्रवणजाळं अजून शाबूत होतं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सर म्हणाले, हातोडा घे आणि भिंतीवर ठोक, जाळं ऐकून वर जागा दाखवील.

"ऐकेल सर, पण दाखवणार नाही."

सरांना मग आठवलं. धरणाचं पाणी भेगांत मुरतं, खडकाची पकड सैल होते, आणि सरकण्याआधी तो बारीक बारीक तडकतो. ते तडकणं टिपायला हे जाळं. पण गावच्या जत्रेत ढोल घुमले तरी ते भूकंपाचा इशारा देऊन मोकळं व्हायचं. दोनदा अख्खं गाव देवाची पालखी घेऊन माळावर पळालं, तिसऱ्यांदा नुसतं हसलं. म्हणून शमीमने तालगाळणी बसवली. माणूस चालो, कांडो की ठोको, त्याच्या हाताला ताल येतोच. खडकाला ताल नसतो. ताल सापडला की आवाज गाळून टाकायचा. तेव्हा तिचं कोण कौतुक झालं होतं.

"मग बेताल ठोक," सर म्हणाले. "बोगद्याच्या आत भूकंप कसा, हा प्रश्न कुणाला तरी पडेलच."

सांगणं सोपं होतं. चार ठोक्यांत तिचा हात लयीत यायचा. शेवटी तिने युक्ती केली. सरांना खोकला आला की ठोका मारायचा, एरवी थांबायचं. खोकल्याला कसला आलाय ताल? बराच वेळ दोघांनी मिळून असा भूकंप घडवला, आणि तशातही तिला जरा हसू आलं.

मग घरघर थांबली. दोघं कान देऊन बसले, पण ती पुन्हा सुरू झाली नाही.

"का गं थांबले?"

शमीमला उमगलं.

"जाळ्याने ऐकलं, सर. त्याच्या लेखी इथला खडक तडकतोय. अशा वेळी सगळ्यांना लांब हलवायचं, आणि पूर्ण एक दिवस शांतता मिळाल्याशिवाय कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही. हा नियमही माझाच."

सरांना पुन्हा उबळ आली. सवयीने शमीमचा हात वर गेला. तो तिने तसाच आवरला आणि हातोडा, जराही आवाज होऊ न देता, मांडीवर ठेवला.