धारदुर्गाचा कौल

दरीतले धुके विरले आणि धारदुर्गाच्या पायथ्याचा वेढा उघडा पडला, तेव्हा दक्षिण बुरुजावर उभी असलेली सगुणाबाई बेलदारीण कठड्यावरून पुढे वाकली. जगदेवराजांच्या राहुट्यांना खेटून आज बादशाही फौजेचे डेरे पडले होते. ज्या बादशाहीला मुलखाबाहेर घालवताना तिच्या नवऱ्याने याच तटाखाली देह ठेवला, तिलाच राजांनी आपल्या रयतेचे पारिपत्य करायला पाचारण केले होते!

त्या लढाईत ओताऱ्यांनी घरची भांडी वितळवून तोफा ओतल्या होत्या, बेलदारांनी कडे फोडून वाटा काढल्या होत्या, दारूखान्यातल्या बायांनी हात सोलवटेपर्यंत दारू कुटली होती. मुलूख स्वतंत्र होताच वेठ बंद होईल, अशी शपथ राजांनी भर दरबारात बेलभंडार उचलून घेतली होती. मुलूख स्वतंत्र झाला. सरदारांना वतने मिळाली आणि कारखान्यांत तोच चाबूक परत आला. अखेर हत्यारे घडवणाऱ्यांनीच हत्यारे उचलली. धारदुर्ग त्यांच्या हाती आला, निम्मा मुलूख त्यांच्या बाजूने उभा राहिला, आणि एकाच गावचे लोक एकमेकांचे गळे कापू लागले. पण राजांकडे घोडदळ होते, यांच्याकडे नव्हते. गावे एकेक करून गेली. उरला हा एक गड आणि त्यावरची आटलेली टाकी.

ऊन चढताना राजांचे वकील नरसोपंत पांढरे निशाण घेऊन वर आले. गडाचा कारभार पाहणारा शिदोबा ओतारी त्यांना सदरेवर सामोरा गेला. मागे सगुणा उभी होती.

"शिदोबा, महाराजांनी अभयाचा कौल दिला आहे," पंत म्हणाले. "शस्त्रे दरवाजात ठेवा आणि आपापल्या गावी जा. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

"महाराजांचा शब्द आम्ही एकदा ऐकला आहे, पंत," सगुणा म्हणाली.

पंतांची मान खाली गेली. "बाई, या खेपेस जामीन मी आहे. मी रात्रंदिवस महाराजांच्या पाया पडून हा कौल मिळवला आहे."

शिदोबाने सदरेबाहेर पाहिले. टाक्याच्या तळाशी बाया ओला चिखल फडक्यात पिळत होत्या.

"पोरं तहानेनं मरताहेत, सगुणाबाई. पंतांनी आजवर कुणाला फसवलेलं नाही."

"मग निम्मी माणसं आधी उतरवा, दादा. ती नदीपार झालेली मला दिसली, की बाकीची मी धाडते. तोवर बुरूज सोडायची नाही."

शिदोबाने ते मान्य केले. आपली तलवार दरवाजात ठेवून तो पहिल्या जथ्यापुढे चालू लागला. बाया, म्हातारे, कडेवरची पोरे त्याच्यामागे उतरली. नदीच्या उतारापाशी माणसे पाण्यावर तुटून पडली, आणि ओंजळी ओठांना लागतात न लागतात तोच बादशाही स्वारांनी त्यांना तिन्ही बाजूंनी घेरले. राजांची फौज जागची हलली नाही. नरसोपंत हात उंचावत, "कौल आहे! जामीन मी आहे!" असे ओरडत मध्ये धावले, भाल्याच्या दांड्याचा एक फटका बसला आणि ते चिखलात कोसळले. शिदोबा पाण्यातच मरून पडला.

"दरवाजा लावा!" सगुणा बुरुजावरून गरजली. "बेलदारांनो, मागच्या कड्याला दोर सोडा. म्हाताऱ्यांना पाठीशी बांधा. जंगलात शिरेपर्यंत कोणी मागं वळायचं नाही."

"आणि तुम्ही?" एका बेलदाराने विचारले.

"गड भरलेला दिसला पाहिजे."

दारूखान्याच्या सहा बायांनी तिची साथ सोडली नाही. दिवसभर त्या एका बुरुजावरून दुसऱ्यावर धावत राहिल्या, या तोफेला बत्ती देऊन त्या तोफेकडे जात राहिल्या. खालच्यांना वाटले, वर शेकडो गोलंदाज आहेत. सांजावताना दारू संपली. दरवाजा फुटला तेव्हा तिघी जिवंत होत्या, आणि शत्रूला मोकळा गड मिळाला.

"बाकीचे कोठे गेले?" जगदेवराजांनी विचारले.

सगुणा त्यांच्या मागे पाहत होती. सदरेवर बादशाही निशाण चढत होते. मदतीचे मोल म्हणून धारदुर्ग देऊन टाकला होता.

"महाराजांनी आपला गड आधी शोधावा," ती म्हणाली.

तिला सुळी दिले नाही. मजुरांचा तुटवडा होता. नदीकाठी धरलेली माणसे कुंपणात कोंडली गेली आणि त्या हिवाळ्यात भुकेने, तापाने मेली. मागच्या कड्यावरून उतरलेली तेवढी जगली.

फुटलेला दरवाजा बांधण्याच्या वेठीवर सगुणा दगड वाहत होती, तेव्हा एके सकाळी नरसोपंत आले. वकिली सुटली होती. कपाळावर व्रण होता.

"बाई, मी खोटा नव्हतो," ते कसेबसे म्हणाले. "एवढे तरी..."

सगुणाने डोक्यावरची पाटी सावरली.

"ठाऊक आहे, पंत. तुम्ही खोटे असता, तर आम्ही दरवाजा उघडलाच नसता."

मुकादमाने हाक मारली, आणि ती चढ चढू लागली.