पट्टेरी माशांचा विसर

"माझे मासे कुणीतरी बदललेत," मंजुळा गायकवाड म्हणाली आणि मगच खुर्चीत बसली.

दिगंबर गुप्त्यांची तपकिरीची चिमूट नाकापर्यंत जाता जाता थांबली. माजिवड्याच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत आजवर बदललेली मृत्युपत्रं आली होती, बदललेले हार आले होते, एकदा तर बदललेला जावईही आला होता. मासे पहिल्यांदाच येत होते.

"कुठले? पापलेट?"

"भाऊजी, तिला बोलू द्या," मंदाकिनी गुप्ते म्हणाल्या.

मंदाकिनीबाई खासगी तपासनीस. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर त्यांनी स्वतःची पाटी लावली, तेव्हा बँकेतून लवकर निवृत्त झालेले हे धाकटे दीर आपण होऊन मदतीला आले. मदत कितपत व्हायची हा वादाचा विषय होता. पण बाईंना मोठ्याने विचार करायची सवय होती आणि त्यासाठी समोर कुणीतरी लागायचं.

मंजुळा डोंबिवलीच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. विषय झेब्रा मासे. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. त्यांच्यासाठी दोन लांबट काचेच्या टाक्या होत्या आणि सगळा कारभार आपोआप चाले. कॉम्प्युटर टाकीच्या डाव्या किंवा उजव्या टोकाचा दिवा लावी. मासे त्या टोकाला गेले, की तिथला न दिसणारा किरण तुटे आणि वरून खाण्याचे कण पडत. कोण कुठे गेलं याची मोजदादही कॉम्प्युटरच ठेवी. खोलीत माणूस नको, कारण माणूस दिसला की मासे त्याच्याकडेच बघत बसतात. १९९३ साली डोंबिवलीत असलं काही पाहायला मिळणं म्हणजे नवलच होतं.

"एका टाकीत स्वच्छ पाणी," मंजुळा सांगत होती. "दुसरीत रंगाच्या कारखान्यांमागच्या नाल्याचं पाणी, अगदी थोडं मिसळलेलं. मासे मरत नाहीत, दिसायला ठणठणीत. पण स्वच्छ पाण्यातले महिन्याभरात शिकले. दिवा लागला की धावायचे. नाल्याच्या पाण्यातले शिकलेच नाहीत. त्या नाल्याच्या काठी आमची चाळ आहे, मॅडम. पोरं तिथेच खेळतात. म्हणून मला हे सिद्ध करायचंय."

"मग अडलं कुठे?"

"सोमवारपासून स्वच्छ पाण्यातलेही ढिम्म! दिवा इकडे लागतो, हे भलतीकडेच फिरतात. माझे मार्गदर्शक, आगाशे सर म्हणतात, आधीचे आकडे तू मनाने घातलेस. शुक्रवारी विद्यापीठाची कमिटी येणार आहे. तोवर खुलासा झाला नाही, तर सर माझा प्रयोग बंद करणार." तिने रुमालाने डोळे पुसले. "खोलीत कुणी नसतंच ना. मग माझ्या बाजूने सांगणार कोण?"

"संशय कुणावर?"

"सरोज करमरकरवर. माझ्यासारखीच संशोधन करते. तिला ती खोली हवीय. शिवाय रविवारी तिने कल्याणच्या दुकानातून झेब्रा मासेच आणले."

"चला, भाऊजी," मंदाकिनीबाईंनी पर्स उचलली.

कमिटीच्या स्वागतासाठी कॉलेज नव्या नवरीसारखं सजवणं चालू होतं. जिन्याचा रंग ओला होता आणि त्यावर दिगंबररावांचा नवा सदरा टेकायचा तो टेकलाच.

प्रयोगाची खोली मात्र देवळासारखी शांत होती. दोन टाक्या, प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांना काचेला घट्ट बसवलेली लाकडी फळी, फळीवर एक काळी डबी. दिवा चालू-बंद करायचं काम त्या डबीचं.

मंजुळाने कॉम्प्युटर चालू केला. स्वच्छ पाण्याच्या टाकीतला डावा दिवा लागला. मासे आपले मध्येच रेंगाळत राहिले. मंजुळाने ओठ चावला.

"अगदीच मठ्ठ," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी तपकिरीची पितळी डबी उजव्या फळीवर ठेवली. टक्!

सगळे मासे उसळले आणि झुंडीने उजव्या टोकाशी गोळा झाले.

"अहो काका! घाबरवलंत ना बिचाऱ्यांना!" दारातून आवाज आला. ती सरोज होती.

मंदाकिनीबाई टाकीजवळ वाकल्या. मासे पुन्हा पांगेपर्यंत त्या टाकीकडेच बघत होत्या.

सरोज पलीकडच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने न विचारताच काचेची मोठी बरणी पुढे केली.

"हे कल्याणचे मासे. अंडी मोजायला आणलेत. दुकानदाराने दिले तेवढे सगळे आहेत."

"खोली हवी होती तुला?"

"हवीच आहे. पण हवी तर मागून घेईन, चोरून कशाला? आणि मॅडम, मंजुळा खोटं बोलणारी नाही. चुकली असेल, तेवढंच."

मंदाकिनीबाईंनी चष्म्याची डबी बरणीशेजारी जरा जोरात ठेवली. मासे फर्रकन पलीकडच्या काचेला जाऊन चिकटले.

"आता तुम्ही घाबरवलंत," दिगंबरराव खूश होऊन म्हणाले.

मंजुळाचे मार्गदर्शक डॉ. आगाशे शेजारच्याच केबिनमध्ये भेटले. मधली भिंत म्हणजे नुसता प्लायवूडचा पडदा.

"मला त्या मुलीचं वाईट करायचं नाही," ते म्हणाले. "पण परवापर्यंत हुशार असलेले मासे एकाएकी विसरतात, यावर मी कमिटीसमोर विश्वास कसा ठेवायचा? ती दिवसरात्र खपते हे मान्य. पण माझीही सही त्या कामाखाली आहे."

"खोलीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"तिच्याकडे, माझ्याकडे आणि यंत्र बनवणाऱ्या चांगदेवकडे. मी तिकडे फिरकतही नाही. उलट या आठवड्यात इथे शांतपणे वाचायला मिळतंय, तेवढंच काय ते सुख."

बाहेर आल्यावर दिगंबरराव कुजबुजले, "वहिनी, हाच! सही अडकलीय म्हणतो आणि सुखात आहे म्हणतो."

"सुखात आहेत, हे महत्त्वाचं आहे खरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

चांगदेव भोईरचं दुकान शहाड स्टेशनच्या बाहेर. रेडिओ, मिक्सर आणि पंखे यांच्या सांगाड्यांत तो बसला होता.

"मी रविवारी गेलेलो ना. ऑफिसातून फोन आलेला. कमिटी येते, सगळं टकाटक करून ठेवा बोलले."

"मग काय काय केलंस?"

"प्रोग्रामला हात नाय लावला, किरणाला नाय, दिव्यांना पण नाय. देवाशपथ! वायरी लोंबत होत्या त्या बांधल्या. जुन्या डब्या काढून नव्या बसवल्या, एकदम लेटेस्ट. आता मशीन कसं साहेबासारखं चालतं. मंजुळाताईला सरप्राइज देणार होतो, पण ती रडतच होती. मग बोललोच नाय."

"जुन्या डब्या टाकल्यास?"

"नाय, हायत ना इथंच."

"त्या घेऊन गुरुवारी दुपारी कॉलेजात ये."

गुरुवारी सगळे टाक्यांभोवती जमले. आगाशे घड्याळाकडे बघत होते. मंजुळा भिंतीला टेकून उभी होती.

"पहिला प्रश्न, मासे बदलले का?" मंदाकिनीबाईंनी सुरुवात केली. "नाही. हे तेच मासे आहेत. आमच्या भाऊजींनीच ते सिद्ध केलं."

"मी?" दिगंबरराव चपापले.

"तुम्ही उजव्या फळीवर तपकिरीची डबी आपटलीत. सरोज म्हणाली, मासे घाबरले. मी बरणीपाशी तेच केलं, तर दुकानातले मासे आवाजापासून दूर पळाले. घाबरलेला जीव लांबच पळणार. पण या टाकीतले आवाजाच्या दिशेने आले! असे मासे कल्याणच्या दुकानात मिळत नाहीत. टक् वाजलं की तिकडे खायला मिळतं, हे यांना कुणीतरी शिकवलंय."

"मी तर दिवा दाखवून शिकवलं," मंजुळा म्हणाली.

"तुला तसं वाटत होतं. जुनी डबी दिवा लावताना टक् वाजायची. काचेला जोडलेली फळी, ती थरथर थेट पाण्यात जाणार. जेवणाची घंटा ऐकू येत असताना दिव्याकडे कोण बघतो? रविवारी चांगदेवने पाहुण्यांसाठी यंत्र नीटनेटकं केलं. नव्या डब्या आवाजच करत नाहीत. ही खोली शांत झाली, पलीकडे सरांना निवांत वाचता यायला लागलं, आणि मासे मात्र घंटेची वाट बघत उपाशी राहिले."

चांगदेवने कपाळावर हात मारून घेतला. "आयला! म्हणजे मीच घोळ घातला?"

"घोळ उघडकीला आणलास. आता जुनी डबी लाव, आणि दिवा काढून टाक."

त्याने स्वच्छ पाण्याच्या टाकीच्या डाव्या टोकाला जुनी डबी जोडली, बल्ब काढून खिशात घातला. कॉम्प्युटर चालू झाला.

टक्!

दिवा नव्हताच. तरी सगळेच्या सगळे मासे डावीकडे धावले आणि तोंडं वर करून खाण्याची वाट बघू लागले. मंजुळा हसत होती आणि डोळेही पुसत होती.

आगाशे मंजुळाकडे वळले. "आकडे खरे होते तर. मी तुझ्यावर विनाकारण आळ घेतला, मंजुळा. मला लाज वाटते." टाकीकडे बघत ते म्हणाले, "पण मग प्रयोग चुकलाच की."

मंदाकिनीबाई उत्तर देणार होत्या. मंजुळाच बोलली.

"दिव्याचं चुकलं, सर. पण डब्या दोन्ही टाक्यांना होत्या, आवाज दोन्हीकडे सारखा होता. स्वच्छ पाण्यातले शिकले आणि नाल्यातले नाही, हा फरक खराच आहे."

"किंवा नाल्याच्या पाण्याने त्यांना ऐकूच येत नसेल," सरोज म्हणाली.

मंजुळाने चमकून तिच्याकडे पाहिलं. तीन दिवस जिला चोर ठरवलं, तिने सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला होता. "सरोज, मी तुझ्याबद्दल भलतंच बोलले गं," ती म्हणाली. "आणि तू म्हणतेस तेही तपासायलाच हवं."

शुक्रवारी कमिटीसमोर मंजुळाने आपली चूक आधी सांगितली, मग फरक दाखवला, आणि शेवटी तो प्रश्न मांडला. सरोजचं नाव घ्यायला ती विसरली नाही. मागच्या बाकावर मंदाकिनीबाई आणि दिगंबरराव मांडीवर चहाच्या बश्या सांभाळत बसले होते.

कमिटीचे अध्यक्ष बराच वेळ टाकीपाशी वाकून उभे होते. सरळ होत त्यांनी विचारलं, "काम थांबता कामा नये. तुम्हाला आणखी एक टाकी दिली तर पुरेल?"

मंगळवारी माजिवड्याच्या कचेरीत हुंदका आवरत बसलेली मुलगी ती हीच का, असा दिगंबररावांना प्रश्न पडला.

"एक नाही, सर," मंजुळा म्हणाली. "दोन लागतील. एक नुसत्या आवाजाची, एक नुसत्या दिव्याची."

अध्यक्षांनी आगाशांकडे पाहिलं.

"दोनच द्या," आगाशे म्हणाले. "ती सांगते तशाच."