तिसऱ्या उद्गाराची मेणबत्ती

“पांढरं नको गं संध्या, फोटोत उठून दिसत नाही!” थोरल्या जावेने, प्रियदर्शनीने, सासूचं धुवट पातळ दोन बोटांनी उचललं आणि लगेच बोटं रुमालाला पुसली.

उत्तम शुक्रवारची, प्रभूच्या मरणदिवसाची सकाळ... आणि या बाईला फोटो सुचत होते! लेंटचे चाळीस दिवस एकवेळ जेवणाऱ्या संध्याने जिभेलाही उपास घातला होता. पण अंतःकरणात तिरस्काराचा असा डोंब उसळला, की प्रभूचीच क्षमा मागावी लागली.

संध्याचा नवरा दयानंद गेला तेव्हा हे थोरले दीर, अभिराज, याच शहरातल्या कोरमंगल्याहून सांत्वनाला आले आणि पेल्यातलं पाणी संपायच्या आत उठले होते. तेव्हापासून बसवनगुडीच्या या घरात त्यांच्या आईचं न्हाणं, औषधं, उशापायथ्याशी बसणं... सारं या विधवा भावजयीने केलं. आज मात्र आई हवी होती! क्रुसावरच्या सात उद्गारांवर आज मंडळीतले सात जण बोलणार होते. त्यातला तिसरा, म्हणजे प्रभूने मरता मरता आपली आई लाडक्या शिष्याच्या हाती सोपवली तो, अभिराजच्या वाट्याला आला होता. त्यावर बोलणाऱ्याने आपल्या आईला वेदीपाशी नेऊन तिच्या हातून मेणबत्ती विझवायची, ही इथल्या मराठी मंडळीची जुनी रीत. तेवढ्यापुरती आई!

“उपासना झाली की हिला तसंच आनेकलच्या वृद्धाश्रमात सोडतो,” अभिराज घड्याळ बघत म्हणाला. “बॅग गाडीत ठेव. हे घर भाड्यानं द्यायचंय.”

“भावजी, पाया पडते... त्यांना माझ्याजवळ राहू द्या. मी कुठंही खोली बघेन.”

“तू कोण गं? दयानंद गेला, नातं संपलं. रक्ताची आहेस का?”

“हळू बोला, त्या ऐकतायत.”

“तिला काय ऐकू येतंय!”

खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी, चंपाबाईंनी, मानही वळवली नाही.

देवळात अभिराजचा आवाज काय लागला होता! मातृहृदय, वात्सल्य, ऋण... शब्दांना नुसता मोहोर! पुढच्या बाकावर प्रियदर्शनी मोबाईल उभा धरून होती. शेवटच्या बाकावरच्या संध्याला वाटलं, उठून जावं. एवढं गोड खोटं उपाशीपोटी सोसत नाही.

“ये आई,” म्हणत त्याने हात पुढे केला.

चंपाबाई काठी टेकत वेदीपाशी आल्या, पण तो हात त्यांनी धरला नाही.

“अभि, स्वल्प थांब. एक सांग रे... प्रभूला भावंडं होती की. त्या दिवशी ती कुठं होती?”

अभिराजने पुढे केलेला हात मागे घेतला.

“आई, नंतर बोलू...”

“आत्ताच बोलू. घरची माणसं असताना आई शिष्याच्या हाती का द्यावी लागली? जो क्रुसापाशी उभा होता, त्याच्याच हाती दिली ना? माझ्या दयानंदानंही जाताना माझा हात हिच्या हातात दिला. तुला फोन लावला, तू मीटिंगमध्ये होतास!” आणि त्या शेवटच्या बाकाकडे वळल्या. “ये गं बाय माझी. मेणबत्ती तू विझव.”

संध्या कशी चालत गेली, तिला कळलं नाही. वात विझली, धुराची बारीक रेघ वर गेली... आणि ती सासूच्या खांद्यावर कोसळून हमसून हमसून रडली! प्रियदर्शनीचा मोबाईल केव्हाच खाली आला होता. अभिराज मात्र तिथेच, वेदीच्या पायरीवर, तोंड झाकून बसला. एवढ्या सुंदर शब्दांमधला एकही त्याच्या मदतीला आला नाही.

उपासनेनंतर देवळाच्या अंगणात गंजी, तांदळाची पेज, वाढली जात होती. अभिराज गाडीतून आईची बॅग घेऊन आला, तिच्या पायांशी ठेवून उभा राहिला. डोळे लाल होते.

“संध्या... आई घरी जाऊ दे. तुझ्याबरोबर. त्याच घरी.” तो आईकडे वळला. “मी येत जाऊ का?”

“आधी पाणी संपेपर्यंत बसायला शीक,” चंपाबाई म्हणाल्या.

संध्याच्या मनातला तिरस्कार काही एका क्षणात निवला नव्हता. तेवढी ती संत नव्हती. पण हातातला पहिला वाडगा तिने त्याच्यापुढे धरला.

“बसा भावजी. सावकाश घ्या... गरम आहे.”

तो आईच्या पायांशी, जमिनीवर बसला.