नटण्याचं निमित्त

सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांच्या ढिगात हात घातला की समजून चालायचं, त्याच कपड्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असणारच. डिसेंबरातल्या त्या शनिवारी माझ्या हाताला गर्द वाइन रंगाच्या कोटाची एक बाही लागली. दुसरी एका गृहस्थांच्या हातात होती. मी ओढलं. त्यांनीही ओढलं.

माझ्या कानाला फोन होता, पलीकडे बंगळुरूहून माझी लेक नीला. दिल्लीतल्या आम्हा मराठी माणसांना एक वाईट खोड असते. बाजारात मराठीत बोललं की कुणाला काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चालतो. त्या भरवशावर मी बिनधास्त म्हणाले, "थांब गं, इथे एक टकलू कोट सोडायलाच तयार नाही. बायकांचा कोट याला कशाला हवाय, कोण जाणे! दिसायला बरा आहे तसा..."

"टक्कल मान्य," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "बरा दिसतो म्हणालात, त्याबद्दल आभार. कोट बहिणीसाठी हवाय."

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. फोन घाईघाईनं बंद केला.

"सॉरी... म्हणजे... तुम्हीच घ्या ना, प्लीज."

"एक करता? ती साधारण तुमच्याच अंगकाठीची आहे. घालून दाखवता जरा?"

सरोजिनीत कपडे बदलून बघायला आडोसा नसतो, स्वेटरवरूनच चढवायचं. मी कोट चढवला. दुकानदारानं आरसा पुढे केला. "मॅडम, बिल्कुल हीरोइन!" तो सगळ्यांनाच म्हणतो. ते गृहस्थ मात्र नुसते बघत राहिले... आणि मग हळूच म्हणाले, "बहिणीला मी शाल घेतो."

कोट मी घेतला. का, ते त्या दिवशी मला सांगता आलं नसतं.

मी उल्का. वय बावन्न, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटी. यजमान गेल्यावर माझे रंग कुणी काढून घेतले नव्हते. मीच हळूहळू बिस्किटी, राखी, धुरकट कपड्यांत शिरले. ऑफिसात मी मॅडम, फोनवर आई, जिन्यात आंटीजी. उल्का म्हणून हाक मारणारं घरात कुणी नव्हतं. रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण तोंडानं एक शब्दही बोललेलो नाही... मग मी उगीचच टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत बसायची. खूप एकटी होते मी. एवढंच.

खालच्या मजल्यावरच्या सुनंदाताई दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू करतात. मलाही बोलावणं असतं, पण ठरलेल्या शब्दांत – "उल्का, तू सगळ्या गेल्या की ये हं. निवांत बोलू." मनानं वाईट नाहीत त्या. पण निवांतपणा माझ्या घरी काही कमी नव्हता.

आणि या सगळ्यात श्यामकांत आले. कोटाचे पैसे देता देता एवढं कळलं, की ते नागपूरचे, सरकारी अधिकारी, एका प्रकल्पाच्या मंजुरीसाठी दिल्लीत आलेले. मुक्काम कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात. "रविवारी तिथे पोहे बरे असतात," ते म्हणाले. हे आमंत्रण होतं की माहिती, याचा मी आठवडाभर विचार केला, आणि रविवारी कोट घालून गेले!

त्यांची बायकोही हयात नव्हती. आम्ही दोघं त्यावर फार बोललो नाही. पुढच्या रविवारी मी कानात मोठे झुमके घातले. त्याच्या पुढच्या रविवारी केस कापून खांद्यावर आणले.

"आज काहीतरी वेगळं आहे..."

"तुमचं लक्ष पोह्यांत असू द्या."

"पोहे मागच्या रविवारचेच आहेत. तुम्ही नाही."

घरी आल्यावर मी किती तरी वेळ आरशासमोर उभी होते. सरकारी नोकरीत जन्म गेला माझा, पण एखादी फाईल अडकूनच राहावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. मंजुरी मिळाली की ते जाणार होते.

जानेवारीत त्यांनी विचारलं, "संक्रांतीला इथे गुळाची पोळी असते. याल? काळी साडी नेसून?"

"या वयात काय नटायचं, अहो!"

"संक्रांत वय विचारून येते का?"

मी काळी चंद्रकळा काढली. जुनं ब्लाउज अंगात शिरेना म्हणून नवं शिवायला टाकलं. पाठीला गळा खोल हवाय, हे मास्टरजींना सांगताना आवाज अगदी बारीक झाला. पण सांगितलं.

संक्रांतीला रजा टाकली. दाट धुकं होतं. जिन्यात सुनंदाताई भेटल्या, त्यांची नजर माझ्या ओठांवरच्या लालीवर अडकली.

"अगं, अशी नटून कुठे?"

"जेवायला. एका गृहस्थांबरोबर," मी म्हणाले आणि भराभरा उतरले.

सदनातल्या टेबलाशी ते नव्हते. मी बसले. शेजारच्या टेबलांवर कुटुंबंच्या कुटुंबं जेवत होती. माझ्यापुढची पोळी गार झाली, तूप थिजलं, आणि मला वाटायला लागलं की सगळे माझ्याकडेच बघताहेत – ही बाई कुणासाठी एवढी सजून बसलीय?

फोन वाजला.

"उल्का... मी एअरपोर्टवर आहे. मंजुरी आली काल."

"आणि लगेच निघालात? न सांगता?"

"नागपूरला हजर सोमवारी व्हायचंय. मीच आज निघालो... घाबरलो."

"कशाला?"

"तुम्ही त्या साडीत समोर आला असतात तर बोलावंच लागलं असतं."

"काय?"

"तुम्ही मला फार आवडता. रिकाम्या घरात परत जायचं माझ्या जिवावर आलंय. पण या वयात लोक, मुलं..." त्यांनी घाईनं विषय बदलला. "धुक्यानं विमान थांबलंय. एक फोटो तरी पाठवता?"

डोळे भरून आले माझे. रागही आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी बघावं म्हणून नटले, आणि हा माणूस फोटो मागतोय!

"नाही," मी म्हणाले. "मलाही तुम्ही आवडता, श्यामकांत. पण फोटोतली बाई होऊन मला आणखी एकटं राहायचं नाही. बघायचं असेल तर इथे येऊन बघा. यायचं नसेल तर सुखानं जा."

फोन ठेवला. उठावंसं वाटलं, पण उठले नाही. ते येणार नाहीत अशी मनाची तयारी करत, गार पोळी मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग चहा मागवला. तो संपल्यावर आणखी एक.

दुसराही संपत आला तेव्हा दारात बॅग आदळल्याचा आवाज झाला. मफलर एकीकडे, चष्म्यावर वाफ. श्यामकांत!

"विमान?" मला एवढंच सुचलं.

"असेल तिथेच. नाहीतर गेलं असेल," ते धापा टाकत म्हणाले. चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा चढवला.

"अहो, बसा तरी..."

"थांबा हो. जरा बघू दे."

सगळं सदन आमच्याकडे बघत होतं. माझे कान तापले होते, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

"बघा," मी म्हणाले. आणि त्यांनी अगदी पोटभर बघेपर्यंत जागची हलले नाही.