पुलावरची लाल टोपी

टोपी सापडली ती जुन्या लाकडी पुलावर, कठड्याच्या खिळ्याला अडकवलेली. लाल लोकरीची. खाली रॉयस नदी वेगाने वाहत होती, पण तिचा फक्त आवाज येत होता. धुकं इतकं दाट होतं की पुलावरून पाणीही दिसत नव्हतं.

"बायकोचीच आहे," सीब्रेन म्हणाला. त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

ल्युसर्न पोलिसांच्या तपास अधिकारी रेगुला श्टिर्निमान यांनी टोपी पिशवीत घातली आणि पाणबुड्यांना खूण केली.

सीब्रेन, त्याची बायको योके आणि योकेची धाकटी बहीण टिनेके, अशी तिघं हॉलंडहून आली होती. ॲमस्टरडॅमहून बोटीने ऱ्हाइन नदीतून बाझेलपर्यंत, तिथून आगगाडीने ल्युसर्नला. नाताळचे बाजार बघायचे आणि घरी परतायचं, एवढाच बेत. काल सकाळी सीब्रेन एकटाच झुरिकला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा योके नव्हती.

"एकटे का गेलात?" हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत रेगुलांनी विचारलं.

"योके माझ्याशी बोलत नव्हती. बोटीवरच्या शेवटच्या रात्रीपासून."

"भांडण?"

"माझ्याशी नाही. मी खाली बारमध्ये होतो. वर आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणाली, 'उद्या-परवा सांगते. आधी मला नीट कळू दे.'"

"झुरिकमध्ये तुम्हाला कोणी ओळखीचं भेटलं?"

"कोण भेटणार? बाजारातून नुसता भटकलो. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते. बाझेलला उतरल्यापासून सूर्य म्हणून पाहिलेला नाही."

"मुलंबाळं?"

त्याने समोरची बशी बाजूला सारली.

"एक होता. यॉर्न. मावशीला गाडीतून घरी सोडायला निघाला होता. रस्त्यात सायकलवरच्या मुलीला उडवलं आणि गाडी कालव्यात गेली. मुलगी गेली, यॉर्नही गेला. टिनेके वाचली. तेव्हापासून गावात आम्ही मान वर करून चाललेलो नाही. मुलीची आई दुकानात दिसली की योके रिकाम्या हाताने परत यायची."

बोटीवर त्यांच्या शेजारच्या खोलीत कासेल शहरातल्या ओटिली ब्रांट नावाच्या आजीबाई होत्या. त्याही याच हॉटेलात उतरल्या होत्या. त्यांना विचारावं लागलंच नाही.

"भिंती कसल्या, पुठ्ठेच ते! दोघी बहिणींचं कडाक्याचं वाजलं. थोरली ओरडत होती, 'तो नव्हताच! तू होतीस! तू!' आता यात समजायचं काय राहिलं? नवरा आणि मेव्हणी. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"'नवरा' असा शब्द ऐकलात?"

"तो कशाला ऐकायला हवा?" आजीबाई फणकारल्या.

टिनेके आपल्या खोलीत होती, पांघरुणात गुरफटून. नाक आणि गाल लालबुंद, डोळ्यांभोवती मात्र पांढरीफटक. रेगुलांनी खुर्ची ओढली तेव्हा हीटरखालचे बूट आडवे झाले. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. त्यांनी ते सरळ करून ठेवले.

"बरं नाही का?"

"ताप आहे. काल दिवसभर पडूनच होते. योके दुपारी बाजारात जाते म्हणाली. मी तिला एकटीला जाऊ द्यायला नको होतं हो!"

"बोटीवर कशावरून वाजलं?"

"यॉर्नवरून. योकेला सारखं वाटायचं की तिनेच त्याला त्या रात्री गाडी दिली. खचली होती ती. मला भीती होतीच." तिने चहाचा पेला तोंडाला लावून मान वर केली. हनुवटीखालीही कातडी लाल झालेली होती.

बाहेर भर दुपारी बाजारातले दिवे लागले होते. दुकानांच्या छपरांवर यंदा कापसाचा बर्फ पसरलेला होता. रेगुलांचा सहकारी बेआट गरम सॉसेज खात उभा होता.

"नवऱ्यालाच उचलूया," तो म्हणाला. "सरळ प्रकरण आहे. आजीबाईंनी सोडवलंय."

"तुझा पगार त्यांनाच देऊया मग."

"द्या. पण आधी ऊन आणा म्हणावं. माझी धाकटी काल चित्र काढताना विचारत होती, बाबा, सूर्य कुठल्या रंगाने रंगवू?"

रेगुला हसल्या नाहीत. त्या वळून हॉटेलच्या खिडकीकडे बघत राहिल्या.

"पाणबुड्यांना वर बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि हेलिकॉप्टर माग. डोंगरावर शोधायचंय. डोंगरावर चढणाऱ्या गाड्यांच्या स्टेशनांवरच्या कॅमेऱ्यांतलं कालचं चित्रणही हवं."

ऊन कलायच्या आत, धुक्याच्या पार वर, कड्याखालच्या बर्फात योके सापडली. डोक्यावर टोपी नव्हती.

रेगुलांनी सीब्रेन आणि टिनेके यांना एकत्र बसवलं. बेआट दाराशी उभा राहिला.

"काल तुम्ही अंथरुणात नव्हतात, टिनेकेबाई. तापाने हनुवटीखालची कातडी भाजत नाही. बर्फावरून उलटून आलेलं ऊन खालून भाजतं. आणि डोळ्यांभोवती पांढरं राहतं ते काळ्या चष्म्यामुळे. गावात कोणी आठवडाभर सूर्य पाहिलेला नाही. तो फक्त वर आहे, धुक्याच्या डोक्यावर."

"मी गच्चीत..."

"गच्चीतही धुकंच होतं. बूट कशाने भिजले? गावात ना पाऊस, ना बर्फ. डोंगरगाडीच्या स्टेशनवर कॅमेरा आहे. वर जाताना तुम्ही दोघी आहात. उतरताना तुम्ही एकट्या, आणि हातात लाल टोपी. संध्याकाळी ती तुम्ही पुलावर अडकवलीत, म्हणजे आम्ही नदी ढवळत बसू."

सीब्रेन उठून उभा राहिला. "टिनेके? ह्या काय बोलतायत?"

"बसा," रेगुला हळू आवाजात म्हणाल्या. "'तो नव्हताच, तू होतीस.' ब्रांटबाईंना वाटलं, हे तुमच्याबद्दल आहे. पण भांडण यॉर्नवरून होतं, हे टिनेकेबाईंनी स्वतःच सांगितलं. यॉर्न कुठे नव्हता? आणि त्याच्या जागी कोण होतं?"

मग टिनेके बोलू लागली, कोणाकडेही न बघता.

"त्या रात्री मी प्यायलेली होते. तरी हट्टाने गाडी मीच घेतली. कालव्यातून मी बाहेर आले, तो आला नाही. लोकांनी विचारलं, कोण चालवत होतं? मी म्हटलं, तो. तो तर गेलेलाच होता. त्याला काय होणार होतं? बोटीवर वाइन घेतली आणि तोंडातून निघून गेलं, मी ब्रेक दाबला होता गं. योके बघतच राहिली. काल तिला डोंगरावर नेऊन मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, आज सीब्रेनला सांगणार, मग त्या मुलीच्या आईला. मी नको नको म्हणत तिला ओढलं, तिची टोपी माझ्या हातात आली, ती झिडकारून कड्याच्या कडेने निघाली, आणि मी..." तिचे दोन्ही तळहात हवेत पुढे झाले.

"माझ्या पोराला खुनी म्हणायचे," सीब्रेन म्हणाला. "तू आमच्याकडे जेवायला यायचीस. दर रविवारी."

बेआटने तिला नेलं. ती जाताना वळली, पण सीब्रेनने तिच्याकडे पाहिलं नाही.

"योकेला घरी न्यायला किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"मी सगळं बघते. तुम्हाला कोणाला कळवायचंय का?"

त्याने फोन काढला. नंबर त्याला पाठ होता. इतक्या वर्षांत कितीदा तरी तो अर्धा दाबून सोडून दिलेला. पलीकडे एका बाईचा आवाज आला.

"मी यॉर्नचा बाबा बोलतोय," तो म्हणाला. "कृपा करून ठेवू नका. योकेला तुम्हाला काही सांगायचं होतं."